काडीवरची खूण

माझ्या सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा अबोला होता, आणि त्या अबोल्याचं पोस्ट ऑफिस मी चालवत होते. "सूनबाई, सांग त्याला, मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे." "सांग त्यांना, कालच भरली." दोघं एकाच टेबलाशी जेवायचे, पण मीठ हवं असलं तरी ते माझ्यामार्फत. पहिले काही महिने मला हसू यायचं, मग राग यायला लागला, आणि मग सवय झाली. सवय झाली याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

आमची गाडी शिकवायची शाळा आहे. खाली ऑफिस, वर आमच्या खोल्या, आणि दारात ती पांढरी गाडी. सकाळच्या बॅचेस बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, संध्याकाळच्या नवऱ्याच्या. दुपारी गाडी दारात उभी असते आणि मी ऑफिसात तक्त्यावर इंजिनचा धडा घेते. हा क्लच, हा रेडिएटर, ही तेल बघायची काडी. गाडीही मी शिकवू शकते. बाया तर मलाच विचारतात, मॅडम तुम्ही कधी बसणार शेजारी. त्याची परीक्षा मी पुढच्या महिन्यात देणार होते.

भांडणाचं कारण सांगायचीही लाज वाटते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक असतो, शिक्षकासाठी. एकदा नवरा चालवत होता, बाबा शेजारी बसले होते, मागे दोन शिकाऊ मुली. पुढे एक हातगाडी होती. चांगली लांब होती, असं नवरा म्हणतो. बाबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मुली पुढच्या सीटवर आपटल्या आणि त्यातली एक खुदकन हसली. नवऱ्याने गाडी तिथेच बंद केली, किल्ली बाबांच्या मांडीवर टाकली आणि भर रस्त्यातून चालत घरी आला. मिसरूड फुटल्यापासून तो लोकांना गाडी शिकवतोय, आणि त्याच्या पायाखालची गाडी बापाने थांबवली, तीही पोरींसमोर. झालं, तेव्हापासून बोलणं बंद. बाबाही काही कमी नाहीत. "मी वाचवलं, आणि मीच बोलायला जाऊ?" असं ते मला एकदा म्हणाले होते, आणि तो निरोप मात्र मी पोचवला नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. दुसऱ्या गावातल्या एका बस कंपनीने नवऱ्याला ड्रायव्हर शिकवायच्या कामावर बोलावलं होतं, राहायला जागा देऊन, आणि संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "इथे काय ठेवलंय?" असं तो रात्री म्हणाला होता. "गाडी कुरकुर करतेय, बाप बोलत नाही. आज ना उद्या इंजिन बसेल. मग काय, शटर ओढून बसायचं?" बाबांनीही सांगून ठेवलं होतं की हे इंजिन आहे तोवर शाळा आहे, या वयात दुसरी गाडी उभी करायची हौस नाही. म्हणजे इंजिन गेलं की शाळा गेली, आणि शाळा गेली की आम्ही गेलो. मला जायचं नव्हतं. तिकडे मी कंपनीच्या दोन खोल्यांत बसून कुणाला क्लच दाखवणार होते?

मी ऑफिस झाडलं, टेबल पुसलं, पुन्हा झाडलं. तेवढ्यात आवाज आला. गाडी दिसायच्या आधी आवाज आला. खट-खट-खट-खट. कोपऱ्यावरून गाडी वळली. स्टीअरिंगवर बँकेतल्या बाई होत्या, त्यांचा चेहरा पांढराफटक. गाडीच्या मागे निळसर धुराचा लोट, आणि त्या धुरामागे कुणीतरी हॉर्न वाजवून वाजवून जीव खात होतं.

"मी काहीच केलं नाही हो," बाई उतरता उतरता म्हणाल्या. "चौकात आवाज यायला लागला. मग आरशात बघते तर धूर. मीच सरांना सांगितलं की मागून धूर येतोय."

बाबा दुसऱ्या बाजूने उतरले. बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"विचार त्याला, काल संध्याकाळी गाडी कशी मारली ते."

"तो लायसन्सच्या ऑफिसात गेलाय, शिकाऊ पोरांना घेऊन."

"मग आला की विचार."

बँकेतल्या बाईंना मी पाणी दिलं, उद्या कळवते म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. बाबांनी तोवर गाडी हळूच रस्त्यापलीकडे नेली. पलीकडे मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, मधे खड्डा, वरच्या तुळईला साखळी, आणि जमीन इतकी तेलकट की चपला उचलताना चर्र आवाज होतो. मिस्त्री माझ्या नवऱ्याच्या वयाचा आहे आणि स्वतःवर फार खूश आहे. बाकीचे लोक गाड्या दुरुस्त करतात, आपण गाड्यांशी बोलतो, असं त्याचं म्हणणं.

"चालू ठेवा, काका," तो बाबांना म्हणाला. "आणि सगळे गप्प बसा."

आम्ही गप्पच होतो. त्याने हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वरून ऐकलं, बाजूने ऐकलं, खाली वाकून ऐकलं. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. एखाद्या सिलिंडरची वायर काढल्यावर खटखट कमी झाली की रोग त्या सिलिंडरमध्ये, असा हिशेब. पण कुठलीही वायर काढली तरी इंजिन थरथरायचं आणि खटखट मात्र तशीच चालायची. शेवटी इंजिन बंद करून त्याने एक प्लग खोलून बोटावर पुसला. बोट काळं आणि ओलं झालं.

"तेल," तो म्हणाला. "तेल वर चढतंय आणि जळतंय, म्हणून निळा धूर. पिस्टनच्या रिंगा गेल्या. आणि खालचे बेअरिंग एक नाही, सगळेच गेलेत. म्हणून वायर काढूनही आवाज हलत नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय वहिनी, इंजिन उतरवायचं. आतलं सगळं नवीन. नाहीतर सोडून द्या, गाडीचंही वय झालं." मग त्याने बाबांकडे बघून विचारलं, "काका, तेल कमी पडलं नव्हतं ना कधी?"

बाबांची मान ताठ झाली. "तेलाचं मला विचारू नकोस. सगळं चुकेल, तेल चुकायचं नाही."

"नाही, विचारायचं म्हणून विचारलं."

"नको विचारूस."

बाबा रस्ता ओलांडून ऑफिसात गेले आणि खुर्चीत बसून राहिले. मी मागे गेले. त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. मी परत गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री फोनवर नवऱ्याशीच बोलत होता. "हो दादा, उतरवायला लागणार… नाही, ते काका म्हणाले बरोबर आहे… हां हां. ठीक आहे." फोन ठेवून तो मला म्हणाला, "दादा म्हणतात, खोल. दुपारनंतर येतो म्हणाले."

"आवाज कसा वाटला त्याचा?"

"कसा म्हणजे? फोनवर असतो तसा."

मला विचारायचं होतं की तो दुःखी वाटला की सुटल्यासारखा वाटला. पण हे मिस्त्रीला कसं विचारणार? त्याला इंजिनांचे आवाज कळतात. मी परत ऑफिसात आले. परत गॅरेजमध्ये गेले. रस्त्यावरचा भाजीवाला म्हणाला, "ताई, काय पायाला भिंगरी लागली का आज?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने भाजीवर पाणी मारायला घेतलं.

दुपारी तक्त्याचा वर्ग होता. रद्द करावा असं मनात आलं होतं, पण रिकामं बसवत नव्हतं. दोन कॉलेजची मुलं आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई. बाबा आतल्या खोलीत पडले होते. मी काठी घेऊन उभी राहिले आणि तोंडपाठ धडा सुरू केला. पांढरा धूर पाण्याचा. काळा धूर पेट्रोल जास्त जातंय त्याचा. निळा धूर तेलाचा. रोज म्हणते, झोपेत उठवलं तरी म्हणेन.

"निळा धूर दिसला तर पहिलं काय करायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या वहीत सगळं लिहून घ्यायच्या.

"गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन थोडं थंड होऊ द्यायचं आणि ही काडी बाहेर काढायची," मी तक्त्यावर काठी ठेवली. "काडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मधे पाहिजे. इंजिन तेल जाळत असेल तर तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं दिसतं. म्हणजे…"

म्हणजे आमच्या गाडीतलं तेल कमी व्हायला हवं होतं. एवढा धूर काढणाऱ्या गाडीत तेल बरोबर असेलच कसं? बाबा म्हणाले, तेल चुकायचं नाही. आणि मिस्त्री फोनवर काय म्हणत होता? ते काका म्हणाले बरोबर आहे. म्हणजे नवऱ्यानेही तेलाचा विषय काढला होता.

मी मुलांना म्हणाले, "दोन मिनिटं बसा," आणि मोबाइल घेऊन दाराबाहेर आले. मिस्त्रीला फोन लावला.

"सकाळी नवरा तेलाबद्दल काय म्हणाला तुला?"

"तेच की. तेलाचं टेन्शन घेऊ नको, ते एकदम बरोबर आहे म्हणाले."

"त्याला कसं माहीत?"

"आता ते मी कसं सांगू, वहिनी? हातात पाना आहे माझ्या."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. अबोला सुरू झाल्यापासून या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मी बघितलं नव्हतं. पंखा किती जोरात लावायचा यावर नाही, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर नाही. बाबा पूर्व म्हणाले की नवरा पश्चिम म्हणणार, आणि उलटही तसंच. आणि तेलाबद्दल दोघं एकमेकांना न विचारता, छातीवर हात ठेवून, अगदी एकच गोष्ट सांगत होते. हे एकमत काही खरं नव्हतं.

मी पळतच रस्ता ओलांडला. मिस्त्रीने बोनेट काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वरची साखळी खाली घेतली होती आणि तो इंजिनचे बोल्ट सैल करत होता.

"थांब," मी म्हणाले. "आधी काडी काढून बघ."

"वहिनी, काडी काय बघायची? दोघंही म्हणतात…"

"दोघंही म्हणतात म्हणूनच बघ."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईचं डोकं फिरलंय. मग फडक्याने हात पुसून काडी ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि डोळ्यांसमोर धरली. पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. वरच्या खुणेच्याही बोटभर वर काडी तेलाने माखली होती, आणि ते तेल काळं नव्हतं, फेसाळलेलं आणि कॉफीच्या रंगाचं होतं.

"आयला," मिस्त्री म्हणाला.

"जास्त आहे ना?"

"जास्त? यात दोन गाड्या चालतील." तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला आणि मोठं घमेलं खाली सरकवलं. खालचा नट फिरवल्यावर जे तेल यायला लागलं ते थांबेचना. घमेलं भरलं, त्याने दुसरं लावलं. मग तो उभा राहून मला समजावू लागला, जसं काही हे सगळं त्यालाच सुचलं होतं. इंजिनच्या पोटात एक दांडा गरागरा फिरत असतो. तेल त्याच्यापर्यंत वर आलं की तो दांडा ते घुसळतो, आणि सगळ्या तेलाचा फेस होतो. फेसाला दाब नसतो, म्हणून वरचे, झडपा ढकलणारे टॅपेट खडखड वाजतात. आणि जास्तीचं तेल हवेच्या नळीतून वर जाऊन जळतं, त्याचा निळा धूर.

"म्हणजे बेअरिंग गेले नाहीत?"

"नसतीलही गेले. फेसावर चालून गेलेही असतील. नवीन तेल घालून चालू केल्याशिवाय कळायचं नाही." मग म्हणाला, "मी काडी बघणारच होतो तसा. पण तुमच्या घरच्या दोन मोठ्या माणसांनी शब्द दिल्यावर माणूस काय करणार?"

बोलले असते तर बरंच बोलले असते. मी बाबांना बोलवायला गेले. तक्त्याच्या वर्गातली मुलं केव्हाच निघून गेली होती, फळ्यावर कुणीतरी खडूने धूर काढणारी गाडी काढून ठेवली होती. आम्ही दोघं गॅरेजमध्ये पोचतो तोच नवरा रिक्षातून उतरला. फोन हातातच होता. घमेल्याकडे बघून तो थबकला.

"खोललं का इंजिन?" त्याने मिस्त्रीला विचारलं.

"नाही दादा. आधी एक सांगा, गाडीत तेल कोण घालतं?"

"मी," नवरा म्हणाला.

"मी," बाबा म्हणाले.

दोघांनी एकदमच म्हटलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कित्येक दिवसांनी बघितलं असेल. बाबांची भुवई वर गेली, नवऱ्याचा जबडा आवळला, आणि दोघंही माझ्याकडे वळले.

"सूनबाई, विचार त्याला, त्याने कधीपासून तेल घालायला सुरुवात केली."

"सांग त्यांना, गेल्या दोन महिन्यांपासून. दर शनिवारी पाव लिटर. त्यांनीच शिकवलं होतं. गाडी आठवड्याला पाव लिटर तेल खाते, ती खाते तेवढं तिला द्यायचं, काडीबिडी नवशिक्यांसाठी. हे त्यांचेच शब्द आहेत."

"आणि मी काय करत होतो? मी दर रविवारी सकाळी घालतो. याला वाटलं मी विसरेन?"

"हल्ली विसरतात. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता."

"आणि हा संध्याकाळी गाडी आणून लावतो तो वर निघून जातो. हा काय तेल घालणार, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं?"

जिन्याखालचा तेलाचा डबा मी झाडताना किती वेळा सरकवला होता. जुना, शिल्लक पडलेला असेल असं वाटायचं. बाबांचा डबा ऑफिसात दाराआड असायचा. एका घरात तेलाचे दोन डबे, आणि दोन माणसं एकमेकांना चुकवून बोनेट उघडत होती. गाडी बिचारी पाव लिटर खायची आणि तिला अर्धा लिटर पाजलं जायचं. मला हसायला यायला हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मिस्त्रीने सैल केलेले बोल्ट परत आवळले आणि नवीन तेल घातलं. या वेळी दर थोड्या वेळाने काडी काढून बघत घातलं आणि दर वेळी मला दाखवलं, जशी काही मीच त्याची परीक्षा घेत होते. मग स्टीअरिंगवर बसला आणि चावी फिरवली.

खट-खट-खट-खट.

आवाज तसाच. नवऱ्याने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मी खांबाला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, गप्प बस, गप्प बस बाई, एकदा गप्प बस. मिस्त्रीने ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला. आवाज जास्त वाढला, मग मधेच एक ठोका चुकला, मग दोन चुकले. थोड्या वेळाने तो टकटक एवढाच राहिला, आणि नंतर कुठल्यातरी क्षणी मला कळलं की आता नुसतं इंजिनच ऐकू येतंय.

"धूर अजून येईल थोडा," मिस्त्री म्हणाला. "नळीत साठलंय ते जळायला पाहिजे. पण बेअरिंग शाबूत आहेत. रिंगाही. मी म्हटलंच होतं, हे इंजिन लेकाचं दणकट आहे."

मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल, कारण आता त्याला कारण उरलं नव्हतं. तसं काही दिसलं नाही. तो थकलेला दिसत होता, एवढंच.

"आता एक करा," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "पुढे तेल एकानेच घालायचं. काडी बघून. कोण घालणार ते आत्ताच ठरवा, म्हणजे पुढच्या वर्षी मला पुन्हा साखळी लावायला नको."

इंजिन चालू होतं. एवढासा प्रश्न होता, पण गाडी कोणाची, शाळा कोणाची, हाच तो प्रश्न होता, आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं. मिस्त्रीलाही कळलं असावं, कारण तो उगाच पाने पुसायला लागला.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "सांग त्याला…"

"मी नाही सांगणार."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तो समोर उभा आहे, बाबा. तुम्हाला जे सांगायचं ते त्याला सांगा. आणि तूही," मी नवऱ्याला म्हणाले. "मी आता कुणालाही काही सांगणार नाही. जेवताना मीठसुद्धा देणार नाही."

माझा आवाज चढला होता. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. बाबांनी मिस्त्रीला हाताने इंजिन बंद करायची खूण केली. सगळं शांत झालं.

"तूच घाल," ते नवऱ्याला म्हणाले. त्याच्याकडे न बघता म्हणाले, पण त्याला म्हणाले.

इतक्या दिवसांनी पहिला शब्द आला होता, तो नवऱ्याला झेलता येईना. मग त्याच्या तोंडून जे आलं ते जुन्या रागानेच आलं.

"मी घालीन. पण तुम्ही काडी का बघितली नाहीत? पोरांना पहिल्या दिवशी काडी शिकवतो आपण. मी तुम्ही शिकवलं तसं केलं, माझं चुकलं. पण तुम्ही? एकदा काडी काढली असती तर कळलं असतं."

बाबांनी हात पुढे केला. मिस्त्रीने काडी पुसून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आत घातली, काढली, दाराकडे तोंड करून उजेडात धरली. लांब धरली, जवळ आणली, तिरकी केली.

"कुठे आहे खूण?" त्यांनी विचारलं.

शिकाऊ पोरांना ते असंच विचारतात. नवऱ्याला वाटलं त्याची परीक्षा घेतायत. त्याने वैतागून बोट ठेवलं. "ही काय."

"मला दिसत नाही."

"चष्मा लावा ना मग."

"लावलाय," बाबा म्हणाले. आणि खरंच लावलेला होता. "चष्म्यानेही दिसत नाही. तेल दिसत नाही, खूण दिसत नाही. मोजून घालत होतो, मोजायला बघावं लागत नाही."

नवऱ्याचं बोट काडीवरच राहिलं. "आणि रस्ता?"

बाबांनी काडी हळूच फडक्यात गुंडाळून मिस्त्रीकडे दिली.

"बाबा, रस्ता दिसतो का?"

"लांबचं दिसतं. मधलं धुरकट असतं. मी पोरांना मोठ्याने सांगायला लावतो, पुढे काय आहे ते. त्यांना वाटतं तो शिकवायचा प्रकार आहे."

"हे कधीपासून आहे?"

"डॉक्टरने सांगितलं तेव्हा तुलाच सांगायचं होतं," बाबा म्हणाले. "तू बोलत नव्हतास."

चाकातल्या हवेचे निरोप माझ्याकडे होते, पेट्रोलचे होते, पंख्याचे आणि मिठाचे होते. एवढी मी दिवसभर त्यांच्यामधे धावले, आणि हा एक निरोप त्यांनी माझ्याकडे दिला नव्हता. तो त्याच्याचसाठी राखून ठेवला होता आणि रोज पहाटे उठून, कुणाला न सांगता, नवशिक्यांच्या शेजारी जाऊन बसत होते. मला त्यांची दया आली आणि त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. बँकेतल्या बाई गेल्या असत्या. कुणाचं तरी पोर गेलं असतं.

नवऱ्याचा फोन वाजला, बस कंपनीचाच असणार. त्याने नाव बघितलं, वाजू दिला, वाजायचा थांबल्यावर खिशात टाकला.

"सकाळची पहिली बॅच कितीला असते?" त्याने विचारलं.

त्याला माहीत होतं. शाळेत जायच्या वयापासून त्याच बॅचच्या हॉर्नने तो उठत आलाय.

"सहाला," बाबा म्हणाले.

"मी नेतो उद्यापासून."

"आणि संध्याकाळची?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं, किंवा माझ्या दिशेला बघितलं. मी मान हलवली आणि मग लक्षात आलं की मान हलवून चालणार नाही, म्हणून मोठ्याने म्हणाले, "मी घेईन, बाबा. परीक्षा झाली की."

मला राहायचं होतं, आणि आता आम्ही राहणार होतो. पण असं नको होतं मला. मिस्त्री म्हणाला, गाडी आज इथेच राहू द्या, सकाळी एकदा गळती बघून देतो. आम्ही तिघं बाहेर आलो. ऑफिस सुटायची वेळ होती, रस्ता गाड्यांनी वाहत होता. अर्ध्या गावाला गाडी शिकवणारे माझे सासरे फुटपाथच्या कडेला येऊन थांबले आणि थांबूनच राहिले. नवरा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, एक टेम्पो जाऊ दिला आणि म्हणाला, "चला."